पाच सेकंदांची निवड

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत स्नानसंस्काराच्या नोंदवह्या एका लोखंडी कपाटात असतात आणि त्यांची सूची एका जुन्या संगणकात असते. ही दुसरी सोय आम्हांला २०१९ च्या महापुराने शिकवली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तेथे ४३ फूट आहे. कपाटाच्या खालच्या खणातील वह्या त्या रात्री चार तरुणांच्या मदतीने आम्ही छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेल्या. पाणी ओसरल्यावर ठरले, की प्रत्येक नोंदीतील नाव, आईवडिलांची नावे, तारीख आणि पानाचा क्रमांक संगणकात उतरवून ठेवायचा. या वह्या नीट लिहिण्याची व जपण्याची जबाबदारी कॅनन लॉच्या ५३५ व्या कलमाने प्रमुख धर्मगुरूवर टाकलेली आहे. वही हीच मूळ. सूची केवळ वाट दाखवणारी. पण वाट दाखवणाराच अडून बसला तर काय होते, याचा अनुभव आम्हांला एका पावसाळ्यात आला आणि त्यातून यंत्राविषयी जेवढे कळले त्याहून अधिक स्वतःविषयी कळले. म्हणून हे लिहीत आहोत.

जुलैचा महिना होता. दुपारी एकच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातून एक तरुण आला. त्याचे आईवडील पूर्वी ऊसतोडीसाठी कोल्हापूरकडे येत. त्या काळात कधीतरी त्याचा स्नानसंस्कार आमच्या चर्चमध्ये झाला होता. आईवडील दोघेही आता हयात नाहीत. त्याचा विवाह ठरला होता आणि तिकडील धर्मगुरूंनी स्नानसंस्काराचा नवा दाखला मागितला होता. वाचकांना ठाऊक आहेच, की विवाहापूर्वी असा दाखला नव्याने काढावा लागतो; कारण दृढीकरण, विवाह यांच्या नोंदी मूळ नोंदीच्या समासात होत असतात आणि जुन्या दाखल्यात त्या उतरलेल्या नसतात. तरुणाला आपले जन्मवर्ष माहीत होते, संस्काराचे वर्ष माहीत नव्हते. चार वाजताची एस.टी. त्याला गाठायची होती. दुसऱ्या दिवशी कामावर हजर राहायचे होते.

सूचीत नाव घातले असते तर दोन मिनिटांचे काम होते. परंतु नेमकी वीज गेली आणि आली. संगणक आपोआप सुरू झाला खरा. पण पडद्यावर क्षणभर काही ओळी उमटून तो काळाठिक्कर पडला. कचेरीत काम करणारी आमच्याच धर्मग्रामातील मुलगी बँकेत गेली होती. आम्ही बटण दाबून यंत्र बंद केले, पुन्हा सुरू केले. चार वेळा तसे केले. चारही वेळा तोच काळोख. अखेर कपाट उघडून वह्या काढल्या आणि त्या तरुणाच्या जन्मवर्षापासून पाने उलटू लागलो. तीन वह्या झाल्या, नाव सापडेना.

साडेतीनला ती मुलगी भिजत परत आली. तिला पाहताच आमचा संयम सुटला. परक्या माणसासमोर आम्ही तिला बोललो. सकाळी यंत्र नीट सुरू करण्याची साधी गोष्ट तुला सांभाळता येत नाही, तुझ्या हलगर्जीपणाने या मुलाची खेप फुकट गेली, असे बरेच काही. तिने मान खाली घालून सर्व ऐकले आणि कोल्हापूरच्या मुली बोलतात तशा बोलीत एवढेच म्हणाली, “फादर, मी रोज निवडतोय की. त्येच इसरतंय.” मग तिने यंत्र पुन्हा सुरू केले, ओळी दिसताच बाणाची कळ दाबली आणि दोन मिनिटांत पडदा उजळला. तोच वीज पुन्हा गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. तरुण दाखल्यावाचून परतला.

त्याची नोंद दुसऱ्या दिवशी सूचीतून मिळाली. जन्मानंतर सहा वर्षांनी, आईबरोबर एकाच दिवशी त्याचा संस्कार झाला होता. दाखला आम्ही टपालाने धाडला. परंतु त्याचा बुडालेला रोजगार आणि त्या मुलीचा खाली गेलेला चेहरा टपालाने परत पाठवता येण्यासारखा नव्हता. त्यात तिचे ते वाक्य मनात रुतून बसले. ‘त्येच इसरतंय’ म्हणजे नेमके काय? यंत्र कसे विसरेल?

रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामातील एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आला, त्याला विचारले. तो म्हणाला, “फादर, ते विसरत नाही. लक्षात ठेव असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही.”

त्याने जे समजावले ते येथे आमच्या शब्दांत देतो. कारण असा जुना संगणक आज अनेक धर्मग्रामांत आणि घरांत आहे. आमच्या यंत्रात लिनक्स आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी १९९१ साली ज्याची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी जे वाढवले, तेच हे. त्याचा वापर करण्यास परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांस ते परवडते. त्याच्या मध्यभागी असलेल्या आज्ञावलीला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे गाभा. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, स्मृती या सर्वांशी बोलणारा तोच. या गाभ्याच्या सुधारित आवृत्त्या येत राहतात आणि नवी आली तरी जुनी काही काळ शेजारीच ठेवलेली असते. नव्याने दगा दिला तर जुन्याकडे परतता यावे, हा हेतू.

परंतु यंत्र बंद असताना गाभाही निजलेला असतो. मग त्याला जागे कोण करणार? त्या कामासाठी एक लहानसा द्वारपाल नेमलेला असतो. त्याला बूट लोडर म्हणतात. ‘बूट’ हा शब्द आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून आला. प्रत्यक्षात असे कोणालाही उचलता येत नाही, यंत्रालाही नाही. कारखान्यातच एका चकतीत कोणीतरी पहिली अक्षरे लिहून ठेवलेली असतात. ती द्वारपालाला उठवतात आणि द्वारपाल गाभ्याला. पहिला हात नेहमी बाहेरूनच येतो, ही गोष्ट धर्मोपदेशाच्या वर्गात आम्ही इतकी वर्षे शिकवत आलो; यंत्राच्या पोटातही तीच सापडावी याचे नवल वाटले.

आमच्या द्वारपालाचे नाव ग्रब. १९९५ च्या सुमारास एरिक बोलेन यांनी तो लिहिण्यास घेतला. यंत्र सुरू झाले की ग्रब उपलब्ध गाभ्यांची यादी पडद्यावर मांडतो आणि आमच्या यंत्रात पाच सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणी काही निवडले नाही तर पहिली ओळ घेऊन पुढे जातो. पहिल्या ओळीत नेहमी सर्वांत नवा गाभा असतो. तीन आठवड्यांपूर्वी एक नवा गाभा आला होता आणि आमच्या यंत्रातील जुनाट चित्रकार्डाशी त्याचे जमेना, म्हणून पडदा काळा होई. याच विद्यार्थ्याने त्या मुलीला सांगून ठेवले होते, की दुसऱ्या ओळीत शिरून जुना गाभा निवडत जा. ती बिचारी रोज सकाळी तेच करीत होती. पण पावसाळ्यात दिवसातून तीन-तीन वेळा वीज जाई आणि प्रत्येक वेळी त्या पाच सेकंदांत कोणीतरी यंत्रापाशी उभे असावे लागे. ती दाराशी कोणाशी बोलत असली, दूरध्वनी घेत असली की काळोख. तिची निवड दर वेळी खरी होती. ती कोठेही लिहिली जात नव्हती, एवढाच दोष. आणि हे जाणून घेण्याचे कष्ट आम्ही तीन आठवड्यांत एकदाही घेतले नव्हते.

उपाय फार सोपा निघाला. ‘इटीसी’ नावाच्या कप्प्यात ‘डिफॉल्ट’ नावाचा कप्पा आहे. त्यात ग्रबची एक साधी मजकुराची फाईल असते. तीत ‘ग्रब_डिफॉल्ट’ या शब्दापुढे बरोबरचे चिन्ह आणि शून्य असते. शून्य म्हणजे पहिली ओळ. संगणक मोजणी शून्यापासून करतो. त्या शून्याच्या जागी ‘सेव्हड’, म्हणजे ‘जतन केलेली’, असे लिहायचे. त्याखाली आणखी एक ओळ घालायची: ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट’ बरोबर ‘ट्रू’. मग व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यायची. झाले. यापुढे यादीतून जो गाभा निवडाल तोच पुढच्या वेळी आपोआप घेतला जाईल.

ही आठवण ग्रब कोठे ठेवतो, हेही त्याने दाखवले. ‘ग्रबएन्व्ह’ नावाची नेमकी १०२४ बाइटांची एक चिठ्ठी असते. मजकूर कमी असेल तर उरलेली जागा एकाच खुणेने भरून काढलेली असते. कारण असे, की त्या पहाटेच्या घटकेला द्वारपाल पुरता जागा नसतो. त्याला वाचता पुष्कळ येते, पण फाईल वाढवता येत नाही. अगोदर आखून दिलेल्या जागेत जुने खोडून नवे लिहिता येते, इतकेच. आम्हांला आमच्या नोंदवहीचा समास आठवला. तोही आधीच आखलेला, अरुंद. आणि माणसाच्या आयुष्यातील मोठे निर्णय तेवढ्याच जागेत मावतात. काही यंत्रांत डिस्कची मांडणी अशी असते, की द्वारपालाला त्या चिठ्ठीवर लिहिताच येत नाही. तेथे ही रीत चालत नाही. आमच्या यंत्रात चालली.

दहा-बारा दिवस सर्व सुरळीत होते. वीज जाई, येई, पडदा उजळे. मुलगी निर्धास्त झाली. आम्हीही झालो, आणि तेथेच घसरलो.

एका रात्री जेवणानंतर कुतूहल म्हणून आम्ही कचेरीत जाऊन यंत्र सुरू केले. नवा गाभा अजूनही रुसलेलाच आहे का, हे पाहावे म्हणून पहिली ओळ निवडली. पडदा काळा पडला. बटण दाबून यंत्र बंद केले, दिवा मालवला आणि झोपावयास गेलो. मनात या गोष्टीचा मागमूसही उरला नाही.

सकाळी मिस्सा आटोपून येतो तो ती मुलगी कचेरीच्या दारात उभी. आत बसण्याचाही धीर तिला झाला नव्हता. आम्ही काही विचारण्यापूर्वीच म्हणाली, “फादर, मी कशाला हात लावला न्हाई.”

आम्ही विसरलो होतो. यंत्र विसरले नव्हते. शेवटची निवड आमची होती आणि तीच त्याने आज्ञा म्हणून जतन केली होती. परंतु यंत्राच्या नेकीपेक्षा आम्हांला त्या मुलीच्या पहिल्या वाक्याने जास्त लाज वाटली. काळा पडदा दिसताच आपला गुन्हा नाही हे आधी सांगून टाकावे, असे तिला का वाटले? कारण आमच्याकडून तिने शेवटचे जे ऐकले होते तेच तिच्या मनाने जतन करून ठेवले होते. त्या दुपारनंतर आम्ही तिच्याशी गोड बोललो होतो, पण चूक झाली असे एकदाही म्हणालो नव्हतो. जुने खोडून नवे लिहिले नव्हते.

आम्ही तिला खुर्चीवर बसवले. रात्री आम्हीच ती ओळ निवडली हे सांगितले. त्या जुलैच्या दुपारी दोष तुझा नव्हता, आमचा होता, आणि तो आम्ही परक्या माणसासमोर तुझ्यावर टाकला, त्याबद्दल क्षमा कर, असे म्हणालो. प्रायश्चित्त संस्कारासाठी बसून दुसऱ्यांचे पापनिवेदन ऐकणे इतक्या वर्षांत अंगवळणी पडले होते; ही चार वाक्ये बोलणे मात्र जड गेले. ती गडबडून गेली. “असू द्या की, फादर,” म्हणाली. मग थोडे थांबून, “पण त्या पाहुण्याला पण कळवा,” असे म्हणाली. आम्ही त्या तरुणाला पत्र लिहिले.

त्या विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा त्याने दुसरी रीत शिकवली. ‘सेव्हड’ हा शब्द तसाच ठेवायचा, पण ‘ट्रू’ची ती ओळ काढून टाकायची आणि ‘अपडेट-ग्रब’ पुन्हा करायचे. आता यंत्र जाता-येता केलेली निवड मनावर घेत नाही. कोणता गाभा कायमचा धरायचा ते ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ या आज्ञेने, पूर्ण जागेपणी, त्याला सांगावे लागते. नव्या गाभ्याची एकदाच परीक्षा घ्यायची असेल तर ‘ग्रब-रिबूट’ अशी वेगळी आज्ञा आहे. ती एका खेपेपुरती चालते आणि पुढच्या वेळी यंत्र आपल्या ठरलेल्या जागी परतते. चिठ्ठीत काय लिहिले आहे ते ‘ग्रब-एडिटएन्व्ह लिस्ट’ या आज्ञेने केव्हाही वाचता येते. आणखी एक सूचना त्याने आवर्जून केली. गाभा ओळीच्या क्रमांकाने सांगू नये, नावाने सांगावा. नवा गाभा आला की ओळी खाली सरकतात आणि कालचा क्रमांक आज भलत्यालाच लागू होतो. नाव मात्र ज्याचे त्याचेच राहते. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. मोजदादीने हे काम होत नाही, हे आम्हांला नव्याने पटले.

वाचकहो, या दोन रीतींतील फरक आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत राहिला. पहिल्या रीतीत शेवटची कृती हाच नियम होतो. माणसाचे मन बहुधा असेच चालते. एकदा आवाज चढवला की दुसऱ्यांदा तो आपोआप चढतो. एकदा प्रार्थना टाळली की टाळण्याचीच सवय जतन होते. त्यासाठी वाईट हेतू लागत नाही. पाच सेकंद कोणी काही निवडले नाही, एवढे पुरते. अंगणातील शेकोटीपाशी पेत्राने एकदा नकार दिला आणि मग दुसरा, तिसरा नकार त्याच्या तोंडून आपोआपच आला. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी प्रभूने त्याला नाव घेऊन तीन वेळा विचारले. त्या वेळी तो भीतीने बोलत नव्हता, पूर्ण जागा होता.

म्हणूनच ख्रिस्तसभेने आपल्याला दुसरी रीत लावून दिली असावी. स्नानसंस्कार एकदाच होतो, त्याची मुद्रा पुसत नाही. पण त्या वेळची वचने आपण दर वर्षी पास्काच्या जागरणात हातात मेणबत्ती धरून, मोठ्याने, पुन्हा उच्चारतो. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ १५४८ साली रोममध्ये छापला गेला. त्यात दिवसाचा हिशेब घेण्याची जी शिस्त घालून दिली आहे ती अंगी बाणावी म्हणून सेमिनरीत घंटा वाजे. तेव्हा ती घंटा आम्हांला कंटाळवाणी वाटे. चिठ्ठीत आज काय लिहिले गेले ते झोपण्यापूर्वी वाचून पाहा, इतकाच तिचा अर्थ होता. त्या रात्री कचेरीचा दिवा मालवताना आम्ही तो हिशेब घेतला असता, तर सकाळी ती मुलगी दारात उभी राहिली नसती.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. जुना गाभा कायमचा धरून ठेवणे हाही उपाय नव्हे. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नव्या आवृत्त्यांतून येतात. जुन्यालाच चिकटून बसले तर दार उघडे राहते. म्हणून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची भक्ती झाली, की शनिवारी ‘ग्रब-रिबूट’ने नव्याची परीक्षा घ्यायची असे आम्ही ठरवले. दोन महिने पडदा काळाच राहिला. नोव्हेंबरच्या शनिवारी तो उजळला. मधल्या काळात आलेल्या आणखी एका नव्या गाभ्याने चित्रकार्डाशी जुळवून घेतले होते. आठवडाभर पाहून मग आम्ही त्याचे नाव जतन केले.

‘आम्ही’ म्हटले, पण ते काम त्या मुलीने केले. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरील मराठी पाठ ऐकून ती आता आमच्यापेक्षा पुष्कळ पुढे गेली आहे. आम्ही मागे उभे राहून पाहत होतो. आज्ञा लिहून झाल्यावर तिने ती चिठ्ठी उघडून नाव बरोबर आहे ना ते तपासले आणि मागे वळून विचारले, “फादर, आता रात्री तुम्ही येऊन काय निवडणार न्हाई न्हवं?”

आम्ही नाही म्हणालो. मग तिने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. पाच सेकंद दोघेही गप्प राहिलो. कोणी कशाला हात लावला नाही, आणि पडदा उजळला.